गाव कुठलं?

फाल्गुन अमावास्या जवळ आली की वढू बुद्रुकच्या ग्रामपंचायतीत बैठकांना ऊत येतो. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी इथली. बलिदान स्मरणदिनाला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणूस लोटतो. कुणी गाड्या करून येतं, कुणी ज्योत घेऊन पळत येतं, कुणी अनवाणी चालत. पार्किंग कुणाच्या रानात, टँकर किती, फिरती शौचालयं कुठे उभी करायची, ऊसवाहतूक केव्हापासून बंद ठेवायची, सगळं कागदावर येतं. आरोग्याचंही येतं. समाधिस्थळाजवळ मंडप, त्यात दोन डॉक्टर, तीन सिस्टर, चार आशाताई, ओआरएसची खोकी, आणि तोंड रस्त्याकडे करून उभी असलेली 108 ची गाडी.

पुढची गोष्ट त्या मंडपातली. माणसं माझ्या मनातली आहेत. गाव, ऊस आणि सरकारी वह्या मात्र जशा आहेत तशा.

मंगलताई त्या चार आशांपैकी एक. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असा नियम आहे, आणि तिच्या वाट्याच्या हजारांतलं कुठलं पोर कुठल्या लसीला आहे, कुणाच्या सुनेला कितवा महिना लागलाय, हे तिला वही न उघडता सांगता येतं. वहीत पहिला रकाना घरक्रमांकाचा. घर, मग कुटुंबप्रमुख, मग माणसं.

मार्गशीर्षात नदीकडच्या पडीक रानात कोप्या उभ्या राहिल्या तेव्हा तिथेच गाडं अडलं. कोपीला क्रमांक नसतो. चार बांबू, वर ताडपत्री, पुढे तीन दगडांची चूल. टोळी बीडकडची, वडवणी-धारूर भागातल्या तांड्यांवरची बंजारा माणसं. शिरूर-दौंडचा हा पट्टा भीमेच्या आणि घोडनदीच्या पाण्यावर उसाने गच्च भरलेला. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडून टोळ्या येतात आणि चैत्रात जातात. म्हणजे पाच-सहा महिने त्या इथल्या असतात. वर्षातला जवळजवळ निम्मा काळ. गावातल्या काही नोकरदारांचा मुक्कामही घरी इतका होत नसेल.

मंगलताईने सविताला पहिल्यांदा पाहिलं ते फडात. मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढत होती. फळी दोन्ही अंगांनी लवत होती. वर पोचल्यावर तिने मोळी टाकली, कमरेवर हात ठेवला आणि क्षणभर थांबली. तो हात कुठे आणि कसा ठेवलाय यावरूनच मंगलताई काय ते समजली.

दुपारी बांधावर भाकरी खायला टोळी बसली तेव्हा ती गेली. “कितवा गं?”

सविताने सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, “लिहू नका बाई काई. आमी चैतात जानार.”

“नुसतं नाव सांगा आजी. नऊ तारखेला तपासणी असते, फुकट आहे.”

“नाव कशापायी?”

मंगलताईला वाटलं, अडाणीपणा. मला तसं वाटत नाही. विमुक्त म्हणवल्या जाणाऱ्या जमातींची नावं इंग्रज सरकारने पहिल्यांदा लिहून घेतली ती औषध द्यायला नव्हे. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, नाव वहीत चढलं की हजेरी आली, गाव सोडायला परवानगी आली. ती वही फाटली 31 ऑगस्ट 1952 ला. कागदावर फाटली, एवढंच म्हणू. वहीवाला माणूस बांधावर दिसला की घास थांबतो, ही सवय एका पिढीत जात नाही.

नऊ तारखेला सविता आली नाही. येणार कशी? नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादमाची उचल अंगावर. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा. मजुरी तर बुडतेच, वर पाचशे रुपये उचलीत चढतात. तपासणी फुकट होती ती उपकेंद्राच्या बाजूने. सविताच्या बाजूने तिची किंमत दोन दिवसांच्या भाकरीएवढी होती.

मंगलताईने सिस्टरना सांगितलं. सिस्टर वाईट नव्हत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत कुणीतरी दुष्ट हवा असतो आणि इथे तो नाही. त्यांच्याकडे उपकेंद्राची गावं, दोन ॲप, सात रजिस्टरं. त्या म्हणाल्या, “अगं, तिच्या तांड्यावर नोंद असेलच. आपण पुन्हा केली की दुबार होते. आणि चैत्रात ती गेली की आपल्याकडे ‘अपूर्ण’ दिसते. मग मीटिंगला उत्तरं मी द्यायची.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. सविताची नोंद तांड्यावर खरोखरच होती. आश्विनात एकदा तपासणी झाली होती, माता-बाल संरक्षण कार्डही मिळालं होतं. ते कार्ड तांड्यावर, पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या साडीखाली. देशभर कुठेही चालणारं कार्ड. तिकडच्या वहीत ती ‘स्थलांतरित’, इकडच्या वहीत ती ‘बाहेरची’. दोन्ही वह्या बरोबर होत्या, आणि पौष-माघ असे दोन महिने सविताचा रक्तदाब कुणीही मोजला नाही.

मंगलताई मधूनमधून जात राहिली. लोहाच्या गोळ्यांची पाकिटं पदराआड नेऊन द्यायची. तिच्या हिशेबात ती कुठे दाखवायची हा प्रश्नच होता, कारण आशाला पगार नसतो, थोडं ठरावीक मानधन सोडलं तर कामागणिक मोबदला असतो आणि तो मोबदला नोंदीमागे मिळतो. जिची नोंद नाही तिच्याकडे घातलेली खेप घरच्या खात्यावर.

अमावास्या आली. आदल्या रात्रीपासून अवजड वाहनं बंद. ट्रक नाही म्हणून भरणी नाही, भरणी नाही म्हणून तोड नाही, आणि सगळ्यांचंच काम बंद म्हणून कुणाला खाडाही नाही. टोळीला हंगामात पहिल्यांदा भरदिवसाची सुट्टी मिळाली. पुरुष झोपले. बायका बांगड्या घ्यायला आणि राजाच्या पाया पडायला गावात आल्या.

मंडपात रांग लागली होती. सांगलीहून चालत आलेल्या पोरांच्या तळव्यांना नारळाएवढाले फोड, कुणाला चक्कर, कुणाच्या म्हाताऱ्याचा गोळ्यांचा डबा गाडीत राहिलेला. टेबलावरचा कंपाउंडर तीनच गोष्टी विचारत होता. नाव, वय, काय होतंय. आदल्या वर्षापर्यंत कागदावर ‘गाव’ असाही रकाना होता. त्या रकान्याने रांग खोळंबते म्हणून बैठकीत एकाने तो काढायला सुचवलं आणि सगळ्यांना पटलं.

त्या रांगेत सविताची सासू सुनेला धरून उभी राहिली. का उभी राहिली? पाणी मिळतंय असं तिला वाटलं होतं. मंगलताईने ओआरएसचा पेला पुढे केला, मान वर केली आणि ओळखलं. मग खाली पाहिलं. सविताच्या चपलेचा पट्टा पायात रुतला होता. बोटाने दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

“डोकं दुखतं?”

“चार दिस झाले,” सासू म्हणाली. “डोळ्यापुढं काजवे म्हनती.”

पुढचं सगळं फार पटकन झालं. रक्तदाब 164 वर 110. तरुण डॉक्टरने यंत्रावर विश्वास न ठेवता दुसऱ्या हातावर पुन्हा मोजला. लघवीत प्रथिनं. त्याने कागदावर चार ओळी लिहिल्या, इंजेक्शन दिलं, 108 च्या चालकाला हाक मारली. मंडपात पाऊल टाकल्यापासून गाडीचं दार लागेपर्यंत कुणी सविताला गाव विचारलं नाही, कार्ड मागितलं नाही, घरक्रमांक पाहिला नाही. त्या दिवशी वढूत आलेला प्रत्येक माणूस बाहेरचाच होता.

गाडी सायरन वाजवत निघाली. नवरा झोपेतून उठून तिच्यामागे मोटारसायकलवर. सासूला जागा नव्हती, ती मंडपाच्या खांबाला टेकून बसली. मंगलताई तिच्याजवळ गेली. बराच वेळ दोघी गप्प होत्या.

मग सासू म्हणाली, “आज कुनी गाव इचारलं न्हाई.”

“गर्दी असते ना आजी. तो रकाना काढून टाकलाय.”

“मंग रोजच काढा की.”

सविताला मुलगी झाली, आठव्या महिन्यात, एक किलो सातशे ग्रॅम. तीन आठवडे काचेत होती. दोघी जगल्या. फिट येण्याआधी गाडी पोचली म्हणून जगल्या, आणि गाडी पोचली ती अमावास्या होती म्हणून. एक दिवस अलीकडे किंवा पलीकडे ऊसवाहतूक चालू असती तर ती फळीवर असती.

मंगलताईच्या डोक्यात सासूचं ते ‘रोजच काढा की’ किड्यासारखं वळवळत राहिलं. दोन दिवसांनी तिने सिस्टरना जसंच्या तसं सांगितलं. सिस्टर आधी चिडल्या. म्हणाल्या, रकाना काढून कसं चालेल? गाव माहीत नसेल तर दुसऱ्या डोसला त्या पोराला शोधायचं कुठे? आणि हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. यादीशिवाय आरोग्याचं काम होत नाही. उलट मोजलं नाही की दिसतच नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय बाळंतिणी गोऱ्या बाळंतिणींच्या तुलनेत अडीच-तीन पट जास्त दगावतात, हे त्यांना ठाऊक आहे कारण तिथे ते वेगळं मोजलं जातं. तिथल्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांच्या 1985 च्या अहवालाने अल्पसंख्य समाजांमध्ये वर्षाला साठ हजार मृत्यू ‘जादा’ होतात असा आकडा मांडला, आणि पुढच्याच वर्षी त्या कामासाठी स्वतंत्र कार्यालय निघालं. आकड्याने माणसं वाचली नाहीत, फरक अजून आहे. पण आकड्याआधी तर तो फरक नशिबाच्या खात्यावर होता. आपल्याकडेही बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं चालल्या होत्या. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने मोजणी लावली तेव्हा ब्याऐंशी हजारांवर बायकांमागे तेरा हजारांहून जास्त शस्त्रक्रिया निघाल्या.

तेव्हा प्रश्न रकान्याचा नव्हताच. ‘गाव कुठलं?’ हे दार उघडताना विचारलंय की लावताना, एवढाच होता. सिस्टरना हे कुणी समजावलं नाही. त्यांनी रात्री घरी भाकऱ्या करताकरता स्वतःच जुळवलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीच्या मागच्या बाजूने नवीन पान काढलं, घरक्रमांकाच्या जागी ‘नदीकडची रानं, कोपी 1’ असं लिहिलं आणि मंगलताईला म्हणाल्या, “चल.”

मुकादमाने आधी पाय रोवले. “मॅडम, बाया तपासायला बसवल्या तर फड कोण तोडणार?” सिस्टर म्हणाल्या, “तुमच्या वेळेला हात लावत नाही. रात्री आठला येते.” त्यावर त्याला काही सुचेना. रानाच्या मालकाने मोटारीच्या खोलीतून वायर ओढून बल्ब लावून दिला. त्याला पुण्य मिळवायचं होतं असं नाही. टोळी आजारी पडली तर ऊस वाळतो, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

पहिल्या रात्री एकही बाई आली नाही. पोरं आली, बल्ब बघायला. बोट कापलेला एक गडी आला. सिस्टरनी पट्टी केली, पोरांचे दंड मोजले, कुणाला बीसीजीचा व्रण आहे नि कुणाला नाही ते पाहिलं आणि दहा वाजता परत गेल्या. दुसऱ्या खेपेला सविताची सासू येऊन खाटेवर बसली आणि हात पुढे केला. यंत्राचा पट्टा बांधताना सिस्टरनी वय विचारलं.

“बेचाळीस असंल.”

मंगलताईने चमकून पाहिलं. ती स्वतः पंचेचाळिशीची होती आणि चार महिने या बाईला आजी म्हणत होती.

“पाळी?”

“न्हाई. पिशवी काढली. धाकटा पोरगा रांगत व्हता तव्हा.”

“कशासाठी काढली?”

“डागदर म्हनले, कॅन्सर हुईल. आन् पाळीत फडावर लई हाल व्हत्यात. मुकादम म्हनला, काढून घे, उचलीत धरू.” तिने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग बाकीच्या बायका एकेक करून कोप्यांतून बाहेर आल्या. त्या रात्री सिस्टरना घरी जायला साडेअकरा झाले.

वढूपासून मुंढवा काही लांब नाही. 1897 च्या प्लेगात डॉक्टर यशवंत फुल्यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता. दवाखाना होता, डॉक्टर होते, औषधं होती. पण मुंढव्याच्या महारवाड्यातलं गायकवाडांचं आजारी पोर तिथवर आपोआप पोचणार नव्हतं. त्याला पाठीवर घेऊन सावित्रीबाई चालत गेल्या. पोर वाचलं असं सांगतात. त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या. आपण त्यांचं नाव शाळेशी जोडतो, ते योग्यच. पण दवाखाना उघडा ठेवणं हे एक काम आणि माणूस तिथवर नेणं हे दुसरं, हे त्यांच्या शेवटच्या दिवसांतून जितकं कळतं तितकं कुठल्या शासननिर्णयातून कळत नाही. सिस्टरना कुणाला पाठीवर घ्यायचं नव्हतं. रात्री आठला एक स्कूटी काढायची होती. तरी ते सोपं नव्हतं, कारण त्यांच्या घरीही पोरं होती आणि नवऱ्याचं तोंड चार दिवस फुगलेलं होतं.

महिन्याची आढावा बैठक तालुक्याला झाली. पडद्यावर उपकेंद्रांचे टक्के. वढूचं लसीकरण मागच्या महिन्यात अठ्ठ्याण्णव होतं, ते एकोणऐंशीवर आलेलं. साहेबांनी चष्मा वर केला. “सिस्टर, हे काय? काम कमी केलंत?”

“नाही साहेब. माणसं वाढली.”

“कुठून वाढली?”

“आधीपासून होती. लिहिली आता.”

खोलीत कुणीतरी खोकलं. साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. आता ते रागावतील असं सगळ्यांना वाटत होतं. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. म्हणाले, “मग तिकडच्या उपकेंद्राला कळवा. नाहीतर दुबार होईल.” आणि पुढच्या गावाचं नाव घेतलं. कौतुक वगैरे काही झालं नाही. मात्र जेवणाच्या सुट्टीत पलीकडच्या गावांच्या दोन सिस्टर डबा घेऊन शेजारी येऊन बसल्या. एकीच्या हद्दीत वीटभट्टी होती, दुसरीच्या हद्दीत पारध्यांची पालं. “रात्री जातेस म्हणे?” वीटभट्टीवालीने विचारलं. “आणि टक्क्यांचं काय सांगतेस?”

“सांगते की खरे आहेत.”

तिकडे कळवायचं काम मंगलताईकडे आलं. तिने सविताच्या सासूकडून तांड्याच्या आशेचा नंबर मिळवला. पलीकडची आशा आधी तुटक बोलत होती, कारण तिला वाटलं आपली चूक काढायला फोन आलाय. मग सविताच्या मुलीचं वजन दोन किलो तीनशे झालंय हे कळल्यावर ती मोकळी झाली. चैत्रात टोळी निघाली तेव्हा प्रत्येक पोराची लस, प्रत्येक बाईचा आकडा फोटो काढून तिच्या मोबाइलवर गेला होता. कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बायकांनी पोलक्यात खोचली होती. सासूने जाताना मंगलताईला वाढ्यांचा एक भारा दिला, गोठ्यातल्या म्हशीसाठी. मंगलताईने तो नको न म्हणता घेतला.

पाऊस झाला. गणपती, नवरात्र उरकलं. कोजागिरीच्या सुमारास सिस्टरनी मुकादमाला फोन लावला.

“यंदा वढूलाच ना?”

“हो मॅडम. लक्ष्मीपूजन झालं की निघतो. वीस कोयते आहेत.”

“कोयते नाही विचारले. बाया किती, त्यातल्या पोटुशी किती, सहा वर्षांच्या आतली पोरं किती?”

पलीकडे थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला.

“ते मी कधी मोजलं नाही,” मुकादम म्हणाला. “थांबा, तांड्यावर जातो आन् लिहून घेतो.”